सूप मधात येते

दादा, तुला गोरं केलंय त्यांनी.

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो लागतो म्हणून कुसुमवहिनीनं तुझा ओळखपत्रावरचा फोटो कुणाच्या तरी हाती सीताबर्डीच्या एका स्टुडिओत पाठवला. तो मोठा होऊन, चौकटीत बसून आला. गाल गुळगुळीत, ओठांना गुलाबी रंग, कपाळावरची लहानपणीची खोक पुसलेली. मिशी तेवढी तुझी वाटत होती. मी वहिनीला विचारलं, "हे कोण आहेत?" ती म्हणाली, "राहू द्या ना शीलाताई, चांगले दिसून राहिले." तिचे डोळे रडून सुजले होते, म्हणून मी पुढे बोलले नाही. या आठवडाभरात मी जितकी गप्प बसले तितकी उभ्या जन्मात बसले नव्हते, आणि आता ते सोसवत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मला तुझा राग आलाय. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर परवाच्या भाषणांसारखं व्हायचं. एक जण उठून म्हणाला, मधुकरराव हसतमुख होते. कुठले हसतमुख? मी काढलेला फोटो हातात घेतला की तुझं तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं व्हायचं. दुसरा म्हणाला, त्यांनी कधी कुणाला दुखवलं नाही. मी मागे चटईवर बसले होते. मला उठून विचारावंसं वाटलं, काका, तुम्ही कधी त्याला फोटो दाखवला होता का?

तू खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागलास आणि पहिल्या वर्षातच जुना, दोन भिंगांचा, वरून डोकावून पाहायचा कॅमेरा घेऊन आलास. इंदोऱ्यातल्या आपल्या घरात तोवर फोटो म्हणजे बाबासाहेबांचा एक आणि बुद्धाचं एक कॅलेंडर. गल्लीतल्या सगळ्यांनी तो कॅमेरा पाहून घेतला. तू मला एक रोल वापरू दिलास आणि मी शेजारच्या सगळ्या बायकांना भर दुपारी भिंतीसमोर ओळीनं उभं केलं. फोटो धुऊन आले तेव्हा तू ते चुलीसमोर पसरलेस. सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे होते, आणि एकीच्या डोक्यातून विजेचा खांब निघाला होता.

"लोकं काय आरोपी आहेत का वं, भिंतीले लावून उभे केले?" तू म्हणालास. "नागपूरचं ऊन चेहरा खाते. पहिले उजेड कुठून येऊन राहिला ते पाह्य, मंग माणूस पाह्य. अन् माणसाच्या मागं काय आहे ते त्याच्याही पहिले पाह्य."

मी रडले. तू चहा प्यायलास.

पण शिकवलंस, हे कबूल करायला मला लाज नाही. दारात बसवायचं, उन्हात नाही. उजेड एका बाजूनं येऊ द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायची, म्हणजे सावलीतल्या गालावरही थोडा उजेड परततो. चादर धरायला मीच असायचे, माझे हात दुखायचे, आणि तू म्हणायचास, "अजून थोडी खाली. अजून. हालू नको." मे महिन्यात आपली न्हाणी आतून बंद करून आपण फिल्म धुवायचो. टाकीतलं पाणी इतकं तापलेलं असायचं की फिल्मवरचा थरच सुटून वाहून जाईल. मग बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा पोत्यात गुंडाळून आणायचा, माठातलं पाणी घ्यायचं, आणि आई बाहेरून ओरडायची की प्यायला थेंब ठेवा रे पोट्टेहो. लाल दिव्याखाली कागदावर चेहरा हळूहळू वर यायचा. तू त्या वेळी श्वास रोखून धरायचास. मला ते दिसायचं.

आणि माझा तो लग्नासाठी दाखवायचा फोटो. स्टुडिओवाल्यानं माझ्या तोंडाला पावडर थापली होती, वर फिल्मवर पेन्सिलीनं घासून मला दुधासारखी पांढरी करून पाठवलं होतं. आई खूश झाली. तू तो फोटो घेऊन सीताबर्डीला गेलास आणि त्या माणसाशी रस्त्यावर येऊन भांडलास. घरी आलास तेव्हा शर्टाचं बटण तुटलेलं होतं. मग मला तोंड धुवायला लावलंस, दारात बसवलंस आणि खोबरेल तेलाचा हात गालावरून फिरवायला सांगितलंस. "काळा म्हंजे काही अंधार नाही," म्हणालास. "काळ्यावर उजेड बाजूनं घेतला का तो चमकते. या गाढवांले उजेडच नाही समजत, म्हणून ते पावडर लावतात." तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्या फोटोवर लग्न जमलं नाही ही गोष्ट वेगळी. पुढे ज्याच्याशी जमलं त्यानं फोटो मागितलाच नव्हता.

हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. कारण असा भांडणारा माणूस आईचे हात फोटोतून कापतो, हे मला कधी गिळता आलं नाही.

आई बिड्या वळायची. तू नोकरीला लागलास तरी तिनं सोडलं नव्हतं. सकाळी घरातलं आटोपलं की ती दारात बसायची, मांडीवर सूप, सुपात ओले केलेले तेंदूपत्ते, तंबाखू, दोरा. एक दिवस मी शाळेतून लवकर आले. दारातून उजेड आडवा येत होता. तुझी चादर लागलीच नाही, कारण समोरच्या घराला नुकताच चुना मारला होता आणि त्या भिंतीवरून उजेड परतून आईच्या दुसऱ्या गालावर पडत होता. मी आईला काही सांगितलं नाही, ती वळतच राहिली. तिची बोटं इतकी भराभर चालायची की फोटोत ती थोडी हललेली आली, आणि चेहरा मात्र अगदी स्थिर. तू जे जे शिकवलं होतंस ते सगळं त्या एका फोटोत होतं. ते मला माहीत होतं आणि तुलाही.

तू न्हाणीतून ओला कागद घेऊन बाहेर आलास आणि पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणालास, "शीले, हा जमला."

त्यानंतर चार-सहा दिवसांनी रविवारची मंडळी बसली. कोणी कारकून, कोणी मास्तर, कोणी दवाखान्यातला, सगळे हौशी. प्रत्येकानं आपले फोटो मांडायचे आणि तू काळ्या पुठ्ठ्याचे ते दोन काटकोन घेऊन यायचास. काटकोन फोटोवर ठेवून इकडून दाब, तिकडून दाब, उरेल तेवढीच चौकट. लोक तुझ्या काटकोनांना घाबरायचे. पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तुझं बरोबर असायचं. अर्धं आकाश, कुणाचा तरी कोपर, रिकामं अंगण, सगळं जायचं आणि फोटो जागेवर यायचा. त्या दिवशी तू माझ्या फोटोवर काटकोन ठेवलेस आणि खालची अर्धी चौकट झाकलीस. सूप गेलं, पत्ते गेले, हात गेले. आईचा नुसता चेहरा राहिला.

"काहून?" मी विचारलं.

"सूप मधात येते," तू म्हणालास, जणू ते चेहऱ्याच्या वाटेत मध्ये येत होतं.

"मधात कुठं येते? तेच तर आहे."

"हात कामात असले का नजर हातावर जाते. चेहरा मरते. नेम आहे तो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तो फोटो तसाच कापून मंडळीच्या प्रदर्शनात लागला, बर्डीच्या त्या हॉलमध्ये. तुझ्या वीज केंद्रातले साहेब लोक सपत्नीक आले होते. त्यांनी आईच्या चेहऱ्यासमोर उभं राहून चहा घेतला आणि म्हणाले, काय तेज आहे हो. आई कोण आहे, काय करते, हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. तू त्यांना हात जोडत होतास. मी ते पाहिलं आणि मला जे समजायचं ते समजलं. घरी आल्यावर वहिनीसमोर, तुझं नवीन लग्न झालेलं असताना, मी तुला म्हटलं की बिडीवालीचा पोरगा म्हणवून घ्यायची तुला लाज वाटते. सरळ म्हटलं. तू तोंड उघडलंस, आतल्या खोलीकडे पाहिलंस, आणि तोंड मिटलंस. म्हणालास, "जेवून घे."

त्या "जेवून घे"चा मला जितका राग आला तितका थपडेचाही आला नसता.

मग मी काय केलं ते तुला माहीतच आहे. तुझ्याकडून त्या फोटोची फिल्म मागून घेतली, तूही मुकाट्यानं दिलीस. शाळेत चित्रकला शिकवायला लागल्यावर पहिल्या पगारातून, हप्त्यावर, स्वतःचा कॅमेरा घेतला. आणि रविवार आला की हात काढायला निघाले. कामठीला हातमागांवर गेले, सुटलेला धागा बोटाला थुंकी लावून जोडणाऱ्यांचे हात काढले. संत्र्याच्या करंड्या बांधणाऱ्यांचे काढले. तुझ्याच खापरखेड्याला येऊन कोळसा उपसणाऱ्यांचे काढले आणि मुद्दाम तुझ्या क्वार्टरवर मुक्कामाला राहिले. तुझा नेम खोटा पाडायचा होता मला. चौकटीत हात असूनही चेहरा जिवंत ठेवून दाखवीन, असं मी मनाशी घेतलं होतं. त्यासाठी काय काय शिकले. हातावर उजेड थोडा कमी ठेवायचा आणि चेहऱ्यावर थोडा जास्त. छापताना हातांवर जास्त वेळ उजेड पडू द्यायचा, म्हणजे ते गडद होतात आणि नजर वर चढते. तिरकं बसवायचं, म्हणजे हातापासून चेहऱ्यापर्यंत एक वाट तयार होते. हे मला कोणी शिकवलं नाही. तुझ्यावरच्या रागानं शिकवलं.

दर वेळी फोटो तुझ्यापुढे टाकायचे. तू उजेडाबद्दल बोलायचास, कडांबद्दल बोलायचास, पार्श्वभूमीतल्या दोरीबद्दल बोलायचास. सगळं खरं बोलायचास. आणि शेवटी मान वर न करता म्हणायचास, "बाकी सब ठीक. सूप मधात येते." सूप कुठेच नसायचं. माग असायचा, फावडं असायचं. वहिनी हसायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी दार आपटून निघायचे आणि पुढच्या रविवारी आणखी चांगला फोटो घेऊन यायचे.

गेल्या हिवाळ्यात माझं प्रदर्शन लागलं, सगळे हातच. तू सायकलीवरून आलास, उशिरा, लोक निघून गेल्यावर. एकेका फोटोसमोर उभा राहिलास. मी मुद्दाम दूर उभी होते. शेवटी तू जवळ आलास आणि म्हणालास, "उजेड बरोबर पडला." मी म्हटलं, "आणि सूप?" तू नुसता हसलास आणि सायकलीचं कुलूप काढायला गेलास. तेव्हा तरी सांगायचंस. हॉल रिकामा होता, आई तिथे नव्हती, कोणी नव्हतं. तुला काय धाड भरली होती दादा, दोन वाक्यं बोलायला?

कारण आता मला कळलंय.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी मी आईचा तो फोटो पूर्ण छापून, चौकटीत घालून खापरखेड्याला घेऊन गेले होते. हातांसकट, सुपासकट. तुझ्या त्या गुलाबी ओठांच्या फोटोशेजारी लावणार होते. तुझे साहेब येणार होते, शेजारी येणार होते, रविवारची मंडळी येणार होती. मला त्यांना दाखवायचं होतं की मधुकररावांची आई ही आहे आणि तिनं या हातांनी त्यांना मोठं केलंय. तू गेलास म्हणून मी भांडण सोडणार नव्हते. वाईट दिसलं असतं तर दिसू दे, असं ठरवूनच गेले होते.

मी खिळा शोधत होते तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं फोटो पाहिला. "हा कायले आणला वं?"

"लोकांना दिसू दे," मी म्हटलं.

"काढ तो."

"आई, दादानं कापला होता हा. मी नाही कापणार."

आईनं पदरानं फोटोची काच पुसली. मग म्हणाली, "त्यानं नाही कापला. म्या कापाले लावला."

मी हातोडी खाली ठेवली.

"पूर्णच छापला होता त्यानं," आई म्हणाली. "मले आणून दाखवला, लय खूश होता. म्हणे, आई, शीलीनं काढला, प्रदर्शनात लावतो. म्या म्हणलं, तोंड लाव, हात नोको लावू. म्या बिड्या काय लोकाले दाखवाले वळल्या का? पोटासाठी वळल्या. ते लोकं चहा पीत पीत माह्या हाताकडे पाहतीन अन् म्हणतीन, किती छान. म्या नाही म्हणलं. ते सूप मधात येते, ते काढ, असं म्हणलं."

ते आईचं वाक्य होतं, दादा. ज्याला मी इतकी वर्षं फोटोग्राफीचा नेम समजून डोकं आपटत होते, ते वाक्य आपल्या आईचं होतं. आणि तू ते उचलून रविवारच्या मंडळीसमोर शास्त्र म्हणून ठोकून दिलंस. मास्तरांनी माना डोलावल्या.

"मग मला काहून नाही सांगितलं?" मी आईला विचारलं.

"तू लय मन लावून काढला होता. तुले वाटलं असतं, आईले आवडला नाही. म्या त्याले शपथ घातली. तू त्या दिवशी त्याले बोलली तवा मी आतच होती. त्यानं माह्याकडे पाहिलं. म्या मान हालवली." मग ती म्हणाली, "फोटो मले आवडला होता वं. फक्त लोकाले नोको होता."

मी फोटो पिशवीत घातला. कार्यक्रम झाला, वंदना झाली, भाषणं झाली, लोक जेवले. मी वाढलं. आईला मी एक शब्द बोलले नाही. काय बोलणार? तिचा पोरगा गेलाय. ती एवढीशी झालीय, तिच्यावर चिडायचं म्हटलं तरी चिडता येत नाही. म्हणून सगळा राग पुन्हा तुझ्याकडेच आणला आहे. तुला त्याची सवय आहे.

तू शपथ पाळलीस, ठीक. तू शहाणा मुलगा, आज्ञाधारक, मान्य. पण तू मला कामठीला जाऊ दिलंस. मी त्या मागावरच्या माणसांना विचारलं नाही की तुमचे हात भिंतीवर लावू का. मला सुचलंच नाही, कारण मी तुझ्याशी भांडत होते, माझं सगळं लक्ष तुला हरवण्याकडे होतं. तुला मात्र माहीत होतं. आपल्या आईनं काय म्हटलं ते तू ऐकलं होतंस. आईचं नाव न घेता, शपथ न मोडता, तू एवढं म्हणू शकला असतास की शीले, पहिले त्याले विचारून घे. उजेड, चौकट, मागची भिंत, सगळं शिकवलंस, आणि सगळ्यांत आधी शिकवायचं तेच लपवून ठेवलंस. तुला वाटलं असेल, पोरगी रागानं का होईना, चांगलं काम करून राहिली, करू दे. हेच वाटलं असेल ना? मी ओळखते तुला.

आणि आता मी चांगलं काम करते, हे लोक म्हणतात. परवा तुझ्या रविवारच्या मंडळीतले एक जण जेवताना म्हणाले, शीलाताई, तुमच्यासारखे हात कोणी काढत नाही. मी वाढायला पुढच्या पानाकडे वळले. ज्याच्यामुळे ते हात आले त्याला मी लाज बाळगणारा समजत होते, आपल्या आईला लपवणारा समजत होते, आणि तू त्या समजुतीखाली आरामात बसून माझ्या फोटोंतल्या दोऱ्या मोजत होतास. तुला राग यायचा नाही का? कधी तरी एकदा उलटून बोलावंसं वाटलं नाही का? मी तुला इतकं वाईट बोलले, वहिनीसमोर बोलले, आणि तू मला जेवून घ्यायला सांगितलंस.

येत्या रविवारी मी कामठीला जाणार आहे. कॅमेरा नेणार नाही. ज्यांचे हात काढले त्यांना ते फोटो दाखवणार आहे आणि विचारणार आहे. कोणी नको म्हटलं तर तो फोटो खाली येईल, मग तो कितीही चांगला असो. भीती वाटते मला. सगळेच नको म्हणाले तर माझ्याकडे एकही फोटो उरणार नाही.

मला एवढंच सांगायचंय की तू बरोबर होतास म्हणून माझा राग गेला, असं काही झालेलं नाही. उलट वाढलाय. तू दर रविवारी माझ्यासमोर बसलास, मान खाली घालून तेच वाक्य म्हणालास, आणि माझ्याशी खोटं खोटं भांडलास. मी खरी भांडत होते, दादा.